रोगाची नोंद आणि माणसाचा विश्वास

(चांदूर रेल्वे येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



शहरात साथ शिरली की पहिला प्रश्न असतो, रोग नेमका कुठे आहे? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात गोरे सैनिक रोगी शोधण्यासाठी घरोघर शिरले, सामान बाहेर काढून जाळले. परिणाम काय झाला? भीतीपोटी लोक रोगी लपवू लागले आणि साथ वाढतच गेली.

त्याच पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनीही रोगी शोधले, पण मायेने. हडपसरजवळ पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणले. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

धारावीत कोरोनाचा पहिला रोगी १ एप्रिल २०२० रोजी सापडला. एकेका शौचालयावर अनेक कुटुंबे अवलंबून. घरात वेगळे राहणार कुठे? पालिकेचे कर्मचारी आणि वस्तीतलेच डॉक्टर दारोदारी गेले, ताप मोजला, विलगीकरणात जेवणखाण दिले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामाची दखल घेतली. आपल्या अमरावतीनेही फेब्रुवारी २०२१ मधील टाळेबंदी सोसली आहे.

कोरोना ओसरला, पण क्षयरोग आजही आपल्या वस्त्यांत आहे आणि तो लपवला जातो. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहीत, ही भीती. मी बँकेत काम करतो. तिथे एक नोंद राहिली तर दिवसाचा हिशेब जुळत नाही. इथे एक नोंद राहिली तर घरातली लेकरे आजारी पडतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे. पोषण आहारासाठी मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे.

अतिसाराने लोळत पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले आणि रुग्णसेवा म्हणजे आपलीच सेवा असे संघाला समजावले. विद्यार्थी मित्रांनो, आशाताई दारी आली तर खरी माहिती द्या. ज्या घरात रोग आहे, त्या घरी चहा घ्या. तुम्ही गेलात, तर ते घर आपला आजार लपवणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!