वीतभर उचला, मग थांबा

मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी आपण हप्ते, व्याज, पापड-लोणची यावर बोलतो. आज मात्र गॅरेजमधल्या लिफ्टविषयी सांगणार आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं काम शिकली. फीसाठी गटानं कर्ज दिलं होतं, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांचीच लेक. आता ती एका गॅरेजात कामाला आहे. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती दोन खांबांच्या लिफ्टवर एक गाडी घेत होती.

आधी तिनं गाडी दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये आणली. मग वाकून गाडीच्या खाली पाहिलं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला, पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ, उचलण्यासाठी मजबूत केलेल्या चार जागा असतात. त्या कुठे आहेत, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. लिफ्टच्या चारही हातांचे रबरी पॅड तिनं बरोबर त्या जागांखाली आणले. पॅड पत्र्यावर किंवा पाइपवर आला, तर पत्रा दबतो, पाइप चेपतो आणि गाडी घसरूही शकते.

तिनं बटण दाबलं. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली आणि ती थांबली. चारही पॅड पुन्हा पाहिले. गाडीला हातानं हलकेच ढकललं, तर मागची बाजू झुकायला लागली. तिनं गाडी लगेच खाली घेतली.

शेठ ओरडले, "अगं, गिऱ्हाईक खोळंबलंय, घे वर!"

ती म्हणाली, "शेठ, मागे वजन आहे. आधी डिकी उघडू."

डिकीत ज्वारीची दोन पोती निघाली! गिऱ्हाइकाला वाटलं होतं, तेल बदलायचं आहे, पोत्यांचा काय संबंध? पण लहान गाड्यांचं इंजिन बहुधा पुढे असतं, आणि गाडीचा तोल त्या हिशेबानं सांभाळलेला असतो. मागे शंभर किलो ठेवले की तो तोल सरकतो. जमिनीवर चार चाकं तो पेलतात, हवेत मात्र चार पॅडच असतात.

पोती उतरवली, पॅड पुन्हा लावले, गाडी पुन्हा वीतभर उचलून हलवून पाहिली. या वेळी ती हलली नाही. मग हवी तेवढी वर नेली आणि जरा खाली घेऊन लिफ्टच्या खटक्यावर बसवली. खटका बसला की गाडीचं वजन तेलाच्या दाबावर राहत नाही, लोखंडावर राहतं. त्यानंतरच ती गाडीखाली गेली.

मी विचारलं, "शेठना उलट बोलायची भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "मावशी, खाली मीच उभी राहणार होते ना."

मैत्रिणींनो, हे ऐकून मी गप्प झाले. मोठ्यांना उलट बोलू नये, असं आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. मीही माझ्या लेकीला तेच सांगत आले. पण गाडीखाली उभं राहणाऱ्या मुलीला "थांबा" म्हणता आलंच पाहिजे. त्या दिवशी शेठही नंतर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडी आली की आधी डिकी बघायची, असं त्यांनीच सगळ्या पोरांना सांगितलं.

आता आपल्यासाठी चार गोष्टी. गाडी गॅरेजात देताना डिकी रिकामी करा, निदान आत काय आहे ते सांगा. लिफ्टवर घेताना गाडीत कोणी बसून राहू नका. लेकरं जवळ असतील, तर त्यांचा हात धरून लांब उभ्या राहा. आणि मेकॅनिक वीतभर उचलून थांबला, तर "लवकर करा" म्हणू नका. त्या दोन मिनिटांवर कुणाच्या तरी लेकराचा जीव असतो.