सतरंजीवरून उठताना



सकाळी प्रार्थनेला आपण जुन्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसलो. उठताना निम्म्याहून अधिक जणांनी जमिनीला हात टेकला. मीही टेकला. तेव्हाच ठरवलं, आज याच विषयावर बोलायचं.

शाळेत तुम्ही मला ‘काडी’ म्हणायचात. कबड्डीचे संघ पाडताना माझं नाव सगळ्यांत शेवटी यायचं. घरी रडत गेलो की आई म्हणायची, “अरे, आपल्या घराण्याची अंगकाठीच अशी.”

पुढे फिजिओथेरपी शिकलो तेव्हा कळलं, आईचं बरंचसं खरं होतं. माणसामाणसांच्या स्नायूंत जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा निम्मा किंवा त्याहूनही जास्त असल्याचं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मायोस्टॅटिन हे प्रथिन शोधलं. ते स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. त्याचं जनुक बंद केलेले उंदीर चांगलेच पैलवान झाले! आपल्यासारख्यांत मात्र असं एकच जनुक सगळं ठरवत नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात.

पण आईचं उरलेलं म्हणणं अपुरं होतं, आणि ते मला उशिरा समजलं. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतात, ताकद त्याहून वेगाने. याला सार्कोपेनिया म्हणतात. वजनाचा काटा तोच राहतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याही आलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण उभं राहायला मांड्यांत बळच नव्हतं. ती पुन्हा चालली नाही. दिवसभर लोकांकडून व्यायाम करून घेणारा मी, घरी आल्यावर तिला सांगायचो, “आई, तू बस, आराम कर.” ही खंत आजही जात नाही.

कारण उपाय मला ठाऊक होता. १९९० मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली. त्यांची जनुकं काही बदलली नव्हती.

मित्रांनो, वारसा म्हणजे पासबुकातली सुरुवातीची शिल्लक. कबड्डीतल्या आपल्या पैलवानांचीही ती रोज खर्च होते. भरणा आपणच करायचा. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, जेवणात डाळ, दूध, अंडी असू द्या. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रेमापोटी बसवून ठेवू नका.

पुढच्या मेळाव्यातही सतरंजीच घालूया. हात न टेकता कोण उठतंय, ते तिथे बघू. या वेळी काडीचं नाव शेवटी येणार नाही!