मैदान बंद होतं तेव्हा

श्रोतेहो, तुमच्या शाळेत कबड्डी खेळणारी एखादी सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, शाळा मिटल्या, मैदानाला कुलूप लागलं. आपण मोठी माणसं काय म्हणालो? 'खेळ राहिला तर काय बिघडलं? जीव वाचला की पुरे!' मीही तेच म्हणालो, कबूल करतो. २०२१ मध्ये दहावीची परीक्षासुद्धा रद्द झाली. मग मुलांना चिंता कसली, असं वाटलं.

पण हिशेब निराळा होता. टोकियोचं ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं आणि २०२१ मध्ये झालं. शाळेच्या स्पर्धेत मात्र सतरा वर्षांखालचा गट असतो. मुलीचं सतरावं वर्ष कोण पुढे ढकलणार? जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटीला झालेल्या 'खेलो इंडिया' युवा स्पर्धेत आपलं राज्य पहिलं आलं होतं. त्यानंतरची स्पर्धा भरली ती थेट जून २०२२ मध्ये, हरियाणात पंचकुलाला. मधल्या काळात कित्येकांचं वय निघून गेलं.

धावणारा पोरगा निदान बांधावरून एकटा पळेल. कबड्डीला समोर सात जण लागतात, आणि तेव्हा तर हात लावायचीच बंदी! मे २०२० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १३,००२ किशोरवयीन खेळाडूंची पाहणी केली. चिंता आणि उदासी अधिक आढळली ती मुलींत, शेवटच्या वर्गातल्यांत, सांघिक खेळ खेळणाऱ्यांत आणि गरीब भागांत. देश दूरचा खरा, पण हे वर्णन आपल्याला अनोळखी आहे का?

गुरुजी, अशी मुलं रडत नाहीत, बरं का. ती चिडतात, जेवण टाळतात, रात्री जागतात. मैदान उघडलं तरी येत नाहीत. आलीच, तर दम लवकर लागतो आणि दोष स्वतःलाच देतात. तिथे शिट्टी वाजवून आणखी दोन फेऱ्या मारायला लावू नयेत. 'झोप लागते का गं?' एवढं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. मूल जगणं नको म्हणू लागलं, तर मात्र त्याला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यावं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या वेळची ती मुलं आता विशीत आहेत. कुणी बाजारात भेटली, तर नोकरीचं नंतर विचारा. आधी विचारा, 'त्या वर्षी तुझी स्पर्धा राहिली, नाही का?'