शाळेच्या वर्षात बसणारी परसबाग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे आपल्या प्राथमिक विभागातली परसबाग. मी शेतीतली तज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. गेली दोन वर्षं शनिवारी सकाळी तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर पाण्याच्या टाकीमागच्या पट्ट्यात भाजी लावते. आपल्या बॅचचे आणखी चौघे आळीपाळीने येतात. आज हे बोलायचं कारण सरळ आहे. येत्या मे महिन्यात मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे असं घाटतंय, आणि आपल्या बॅचच्या निधीचं काय करायचं तेही आज जेवणानंतर ठरणार आहे. दोन्ही गोष्टींचा त्या पट्ट्याशी संबंध आहे.

पेव्हर ब्लॉकला माझा विरोध नाही. भिवंडीचा पावसाळा आणि ते आवार आपण सगळ्यांनी पायाने अनुभवलंय. चिखलात घसरून किती जणांचे गुडघे फुटले ते इथल्या बाईंना विचारा. माझं म्हणणं एवढंच, की टाकीमागचा ३० फूट बाय १२ फुटांचा पट्टा सोडून बाकी सगळीकडे खुशाल बसवा.

आपल्या वेळी 'कार्यानुभव' नावाचा विषय होता, आठवतोय? हसू नका. त्या तासाला आपण शुभेच्छापत्रं केली, किंवा गणिताचा राहिलेला धडा पूर्ण केला. पण त्यामागची कल्पना मोठी होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताच्या कामातून शिकण्याची. आपल्या जवळचं उदाहरण कोसबाडचं. तो भाग आज पालघरमध्ये गेला, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं आणण्याऐवजी त्यांनी बिया, पानं, दगड हेच शिकवण्याचं साहित्य केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली.

आपल्या गावाचं मात्र उलटं झालंय. आपण चौथी-पाचवीत होतो तेव्हा जुलैमध्ये निम्मा वर्ग आवणीला जायचा आणि बाई हजेरीपटावर लाल फुल्या मारून थकायच्या. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, तिथल्या कितीतरी खाचरांवर आज गोदामं उभी आहेत. काही इथे बसलेल्यांच्याच आहेत, आणि जमीन विकली यात मला काही गैर वाटत नाही. पण त्याच गावांतून आज शाळेत येणाऱ्या मुलाने भाताचं रोप हातात धरलेलं नाही. तेव्हा शेतामुळे शाळा बुडायची. आता माती बघायला शाळेशिवाय दुसरी जागा उरलेली नाही.

सरकारलाही हे सुचलेलं आहे. केंद्राने २०१९ मध्ये शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्या, डबे, गच्ची चालेल असंही त्यात आहे. पण 'मुलांच्या खिचडीला शाळेची भाजी' ही जाहिरात ऐकली की मी आधी हिशेब करते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. आपल्या प्राथमिकला १८० मुलं जेवतात, म्हणजे रोज ९ किलो. वर्षाचे कामाचे दिवस कमीत कमी २००, म्हणजे १,८०० किलो. आपल्या पट्ट्यातून सगळ्यात चांगल्या आठवड्यात ११ किलो निघालं. तेव्हा ही बाग शाळेला जेवू घालेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खिचडीत आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा आपली भाजी पडते, तेवढंच. मुलं लगेच सगळ्या भाज्या खायला लागली असंही मी म्हणणार नाही. कारलं अजून ताटाच्या कडेलाच असतं.

शाळांच्या बागा मरतात त्या किडीने नाही, सुट्ट्यांनी मरतात. ५ जूनला रोपं लावतात, फोटो काढतात आणि दिवाळीनंतर तिथे गवत असतं. पिकाचा एक दिनक्रम असतो आणि शाळेचा दुसरा. म्हणून आम्ही पहिल्यांदा कुदळ न घेता सुट्ट्यांची यादी घेऊन बसलो. भेंडीचंच बघा. जूनअखेर लावली तर ऑगस्टमध्ये तोडणीला येते आणि मग दिवसाआड तोडावी लागते. ऑगस्टमध्ये काय असतं? स्वातंत्र्यदिन, राखी, गोकुळाष्टमी आणि मागोमाग गणपती. पाच दिवस हात लागला नाही की भेंडी जून होऊन लाकूड. ती सुट्टी पाळत नाही. आम्ही भेंडीची चारच झाडं ठेवतो. जून झालेल्या भेंड्या आडव्या कापून मुलं रंगात बुडवून ठसे काढतात आणि दोन-तीन बियाण्याला राहतात.

जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊसही तेव्हाच येतो, हे आपल्या बाजूचं भाग्य. तेव्हा वेल लावायचे: दुधी, शिराळं, काकडी, लाल भोपळा. मेथी तेव्हा नाही, आपल्याकडच्या पावसात ती सडते. माठ ऑगस्टअखेर, पाऊस ओसरायला लागला की. मेथी आणि मुळा दिवाळीची सुट्टी संपल्यावर पेरायचे. मेथी महिन्याभरात आणि मुळा दीड महिन्यात हाती येतो, मध्ये मोठी सुट्टी नाही.

आणि वाल. आपल्या पट्टीत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि तो दवावर येतो, हे आगरी घरातल्यांना मी काय सांगणार. शाळेसाठी याहून शहाणं पीक नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी बोटाने भोक पाडून दाणे टाकायचे आणि निघून जायचं. परत येतात तेव्हा रोपं उगवलेली असतात, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपापली मोजतो. दहातले किती आले? सात आले तर ते सात दशांश कसे लिहायचे, हा पाठ त्या ओळीसमोरच होतो. (पोपटीचा विषय काढत नाही, नाहीतर भाषण इथेच संपेल.)

भोपळ्याची गंमत वेगळी. त्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच दिसतो, नराच्या मागे नुसता देठ. पावसाच्या झडीत मधमाश्या येत नाहीत आणि तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर आली की मिटतं. सकाळच्या शाळेला हे अगदी सोयीचं. प्रार्थना झाली की चौथीची मुलं नराचं फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला लावतात आणि देठाला दोरा बांधतात. दोरा बांधलेली किती टिकली आणि न बांधलेली किती, याची वही आहे. एका मुलीने विचारलं, "ताई, मग दुधीला कोण लावतं?" दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे पतंग येतात. हे मला ठाऊक नव्हतं, तिच्यामुळे वाचावं लागलं.

तो दोरा अर्थातच लूमचा. आपल्या गावात बांधायला सूत कुणी विकत घेत नाही. मांडवासाठी आम्ही कारखान्यातली चिंदी आणली तेव्हा तिसरीतला एक मुलगा नुसता हात लावून म्हणाला, "हे नको, पॉलिस्टर आहे, कापेल." त्याचे वडील रात्रपाळीला लूम चालवतात. मग त्याने बाईंच्या परवानगीने दोन्ही धागे काडीने जाळून दाखवले. सुती धाग्याची राख झाली, पॉलिस्टरचा कडक मणी झाला. वर्गात फारसा न बोलणारा हा मुलगा. त्या दिवसापासून बांधणीचा मुकादम तोच.

गावाचे सगळेच ऐवज असे कामाचे नाहीत. सायझिंगच्या बॉयलरची राख फुकट मिळते, पण आपण ती घेत नाही. चुलीतली लाकडाची राख वेगळी आणि बॉयलरमध्ये काय काय जळतं ते वेगळं. कामवारीचं पाणीही भाजीला घालण्यासारखं राहिलेलं नाही. पट्ट्यात मुळात डेब्रिज होतं, विटांचे तुकडे आणि मुरूम. वरून फूटभर माती आणि शेणखत घातलंय. पाणी आहे ते खिचडीच्या भाज्या-तांदूळ धुतलेलं, शिवाय टाकीचा ओव्हरफ्लो. मुलं ताटं धुतात त्या मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावली. औषध फवारायचं नाही, हा एकच कडक नियम. पावसात गोगलगायी येतात, त्या चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात.

नावांचा फलक मात्र वाढतच चाललाय. आमच्या पाटीवर 'शिराळं' होतं. साताऱ्याकडची एक आई म्हणाली, दोडका लिहा. घोसाळ्याला उत्तर प्रदेशातून आलेल्या घरी नेनुआ म्हणतात. एका तेलुगू विणकर घरातली आजी नातीला न्यायला आली, अंबाडीचं पान चुरगळून हुंगलं आणि "गोंगूरा!" म्हणून तिथेच बसली. पुढच्या शनिवारी तिने आम्हाला पानं कशी खुडायची ते दाखवलं, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. पालक सभेला कधी न आलेली माणसं या पट्ट्याशी थांबतात.

आता मोठ्यांविषयी. पहिल्या वर्षी बक्षिसाची बाग करू या असा उत्साह होता, ओळी दोरी लावून सरळ. मग मुलांनी वाकड्या लावलेल्या ओळी कुणीतरी नंतर गुपचूप नीट करणार, हे उघडच होतं. ते आम्ही ठरवून टाळलं. पेरणी, मोजणी, तोडणी मुलांची. त्यांनी चार दाणे एकाच भोकात टाकले तर चार रोपं भांडताना त्यांनाच बघू दे. मोठ्यांचं काम तीन गोष्टी बघण्याचं: पाणी, कुंपण आणि सुट्ट्या.

सुट्ट्यांचं उत्तर आपल्या खिचडीच्या मावशी आहेत. दिवाळीत आणि मे महिन्यात पाणी घालायला त्याच येतात, आत्तापर्यंत आपुलकीने. मे महिन्यात पट्ट्यात फक्त शेवगा, कढीपत्ता, केळ आणि अळू उरतात, तरी रोज खेप होतेच. हे काम आपुलकीवर चालू ठेवणं मला पटत नाही. निधीतून दोन्ही सुट्ट्यांचे त्यांना रीतसर पैसे द्यावेत. बियाणं, खत, बांबू, पाईप मिळून गेल्या वर्षी अकरा हजारांच्या आत भागलं, तो खर्च आम्ही पाच जण करत राहू.

निधीतून डिजिटल फळा घ्यावा असं काही जणांचं मत आहे. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलते आहे, पण फळा देणारे पुष्कळ भेटतील, कंपन्या देतात, त्यावर नाव घालता येतं. मावशींच्या पगारावर कोनशिला बसत नाही, म्हणून तो कुणी देत नाही. फळा हवाच असेल तर घेऊ, पण आधी हे.

आणि ज्यांच्या घरी अजून वालाचं जुनं घरचं बियाणं असेल त्यांनी ओंजळभर ठेवून द्या, पुढच्या पेरणीला लागेल. जेवायला जाताना मागच्या बाजूने जा, म्हणजे पट्टा बघून होईल. वाल आत्ता फुलावर आहे. फक्त उजव्या हाताचा मुळा कुणी उपटू नका, तो सोमवारी चौथीने काढायचा ठरलाय.