मुक्त शैक्षणिक साधने आणि आपले अध्यापक
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपली पुस्तकपेढी गरजू विद्यार्थ्यांस क्रमिक पुस्तके पुरवीत आली आहे. तिला जोड देऊ शकेल अशा एका साधनाविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ सालच्या सभेत पुढे आली. आदल्याच वर्षी अमेरिकेतील एम.आय.टी.ने आपली पाठ्यसामग्री सर्वांस खुली करण्याचे जाहीर केले होते. आपल्याकडेही आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य ऐकावयास मिळतात.

परंतु विनामूल्य म्हणजे मुक्त नव्हे, आणि येथेच सुशिक्षितांचाही घोटाळा होतो. संगणकावर दिसले म्हणून ते छापून वाटण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही. मुक्त साधनाचा कर्ता स्वामित्वहक्क सोडीत नाही. वापराची अनुज्ञा मात्र तो आधीच लिहून देतो. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२ पासून याच कामी येतात. कर्त्याचा नामनिर्देश ही त्यांतील मुख्य अट. कोठे विक्रीस मनाई असते. कोठे सुधारलेली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. ‘बदल करू नये’ असे असेल, तर त्याचे मराठी भाषांतरही प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून अध्यापकाने आधी परवाना वाचावा, मग पाठ.

बदलाची मोकळीक ही माझ्या मते यातील खरी संपत्ती होय. समजा, पदार्थविज्ञानाच्या परदेशी पुस्तकात संवेगाचे उदाहरण बर्फावरील हॉकीचे आहे. आमच्या तालुक्याच्या गावच्या मुलाने बर्फ पाहिला तो सरबताच्या गाडीवर! तेथे कॅरमचा स्ट्रायकर आणि सोंगटी घालावी, आकडे बदलावे, स्पष्टीकरण मराठीत करावे, आणि तो पाठ पुन्हा सर्वांस द्यावा. बंद पुस्तकात हे करता येत नाही.

अशा साधनांचा पुष्कळ भाग इंग्रजीत आहे. ते मराठीत कोण आणणार? आपल्या ज्ञातीत प्राध्यापक पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षे तयार केलेली त्यांची टिपणे निवृत्तीनंतर माळ्यावर जातात. कोणी म्हणतील, श्रम आमचे, फळ परक्याने का खावे? ग्रंथ विकून ज्याचा चरितार्थ चालतो त्यास मी हे सांगणार नाही. पण वर्गासाठी लिहिलेली टिपणे, ती आपली स्वतःची असतील तर, खुली करण्यात काय जाते?

ती केवळ ज्ञातीच्या मुलांपुरती ठेवावी, अशी एक सूचना माझ्या कानी आली आहे. ती मला मान्य नाही. कुंपण घातले की ते साधन मुक्त उरतच नाही. शिवाय आपली मुले जी घेणार, ती परक्यांनीच खुली केलेली आहेत.

पुस्तकपेढी बंद करावी असे माझे म्हणणे नाही. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, तेथे छापील पानच उपयोगी. तेव्हा कार्यकारी मंडळाने यंदा पेढीच्या निधीतून थोडी रक्कम छपाईसाठी काढावी आणि एकाच विषयाचे, पहिल्या वर्षाचे, मराठी पाठ तयार करवून घ्यावेत. पदार्थविज्ञानाचे काम मी पत्करतो. तपासून देणारे दोघे तरी मला हवे आहेत. त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नावे द्यावीत.