शाल नको, तासिका द्या

आपल्याकडे बालसाहित्यिकाला शाळेत बोलावतात ते स्नेहसंमेलनाला, नाहीतर मराठी भाषा गौरव दिनाला. पाचवी ते दहावी सगळी पटांगणात बसवायची. ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं. पाहुण्याच्या वाट्याला शेवटची पंधरा मिनिटं. समोरच्या बहुतेक मुलांनी त्याचं पुस्तक पाहिलेलंही नसतं. चित्रकाराला तर कुणी बोलावतच नाही. याला मी लेखकभेट म्हणणार नाही, आणि सारा दोष शाळांच्या माथी मारून मोकळाही होणार नाही. शाली घेऊन घेऊन ही रीत आपण लेखकांनीच पोसली आहे. लेखक-चित्रकाराची शाळाभेट हे शिकवण्याचं काम आहे आणि त्याला नोंदणी, तासिका आणि मानधन हवं, एवढंच मला आज ठणकावून सांगायचं आहे.

या मागणीला आधार सरकारी कागदातच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं सक्तीची आहेत. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण स्थानिक कलावंतांना आणि लेखकांना शाळेत शिकवायला आणा म्हणतं. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवा म्हणतं. मग आपण काय करायचं? तालुक्याच्या साहित्य संस्थेने यादी करावी. यादीत येणाऱ्याने आपली दोन पुस्तकं, इयत्ता आणि चाळीस मिनिटांच्या तासाचं लेखी टाचण द्यावं, एका वर्गावर नमुना तास घेऊन दाखवावा. यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत केंद्रप्रमुखांकडे जावी. शाळेने महिनाभर आधी पुस्तकं मुलांच्या हाती द्यावीत आणि एका वेळी एकच वर्ग बसवावा. असा तास चित्रकाराने घेतला, तर कच्च्या रेखाटनापासून छापील पानापर्यंतचा प्रवास मुलं बघतील. जोडपानावर पात्राचा चेहरा मधल्या शिलाईत सापडू नये म्हणून चित्र कसं सरकवावं लागतं, हे फळ्यावर एकदा दिसलं की तिसरीतलं मूलसुद्धा पुढचं पुस्तक निराळ्या नजरेने उघडेल.

पैसा कुठून आणायचा, हा पहिला आक्षेप. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकं त्यातून येतील. मानधन आणि प्रवासखर्च केंद्रातल्या चार-पाच शाळांनी वाटून घेतला, तर तो स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा जड जाणार नाही. स्कॉटलंडमध्ये ‘लाइव्ह लिटरेचर’ योजनेत स्कॉटिश बुक ट्रस्ट लेखकाच्या मानधनाचा वाटा उचलतो. आपल्याकडे साहित्य संस्थांनी तो का उचलू नये? दुसरा आक्षेप भावनेचा: साने गुरुजींनी कधी मानधन मागितलं होतं का? गुरुजी अमळनेरच्या शाळेत पगारी शिक्षक होते. त्यांचा त्याग त्यांचा होता. त्याचं नाव पुढे करून दुसऱ्याला फुकट राबवणं हा शुद्ध कंजूषपणा आहे. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. चांगलं लिहिणाऱ्याला वर्ग सांभाळता येतोच असं नाही. नमुना तासाची अट त्यासाठीच आहे आणि त्यात नापास होण्याची तयारी आपण, पुरस्कारविजेत्यांनीसुद्धा, ठेवली पाहिजे.

म्हणून इथल्या प्रत्येक लेखकाला आणि चित्रकाराला माझं आवाहन आहे. पुढचं निमंत्रण आलं की दोनच प्रश्न विचारा: मुलांनी पुस्तक वाचलं आहे का, आणि मला कोणता वर्ग देणार? उत्तर मिळालं नाही, तर नम्रपणे नकार कळवा.