शिकणारा भाऊ आणि दुकान सांभाळणारा भाऊ

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘तंत्रज्ञानातला एक यशस्वी उद्योजक’. सोबत सूचनाही दिली की मुलांना प्रेरणा मिळेल असं बोल, आणि लवकर आटप. वर्गात मी बोलायला उभी राहिले की घड्याळाकडे बघणारे हेच लोक होते, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

या क्षेत्रात मी वीस वर्षांहून जास्त काळ नोकरी करते आहे. मोठ्या नावांची कमी नाही. पण अमेरिकेतल्या गॅरेजची गोष्ट इथे खुलताबादला सांगून काय उपयोग? आपल्याकडे गॅरेज म्हटलं की लूना आठवते. म्हणून मी आपल्या राज्यातल्या, आपल्यासारख्याच घरातल्या दोन भावांची गोष्ट निवडली. कैलास काटकर आणि संजय काटकर. त्यांचं ‘क्विक हील’ तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या संगणकात कधी ना कधी बसलेलं असणार. दुकानातल्या, बँकेतल्या, तहसीलच्या संगणकात तर नक्कीच.

काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. घर पुण्यात, परिस्थिती बेताची. कैलास काटकरांनी दहावीनंतर शिक्षण थांबवलं आणि १९८५ च्या सुमारास रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पगार महिना ४०० रुपये. आजच्या मुलांना सांगावं लागेल, की त्या काळी कॅल्क्युलेटर ही जपून वापरायची वस्तू होती. बिघडला तर फेकत नसत, दुरुस्तीला टाकत. बँकांमध्ये, कचेऱ्यांमध्ये ढिगाने कॅल्क्युलेटर असत, आणि ते उघडून नीट करणारी माणसं मोजकी होती.

१९९० मध्ये त्यांनी साठवलेल्या १५,००० रुपयांवर पुण्यात स्वतःचं छोटंसं दुकान टाकलं. दुरुस्तीच्या कामासाठी बँकेत जाणं-येणं असे, आणि तिथेच त्यांनी काचेच्या खोलीत ठेवलेला संगणक पाहिला. धंदा बरा चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की ही वस्तू आली की आपण दुरुस्त करतो ती वस्तू जाणार. मग त्यांनी पुस्तकं जमवली आणि संगणकाची दुरुस्ती शिकून घेतली. पुढे सुमारे ५०,००० रुपये घालून एक संगणक विकत घेतला. दुकानाच्या मानाने ही रक्कम किती मोठी होती, हे १५,००० च्या भांडवलाशी ताडून बघा.

आता ही गोष्ट आपल्याकडे कशी सांगतात ते तुम्ही ऐकलं असेल. ‘बघा, दहावी झालेला माणूस शेकडो कोटींची कंपनी उभी करतो, आणि तुम्ही पदव्या घेऊन फिरता.’ मोबाइलवर असे निरोप रोज सकाळी येतात, खाली उगवत्या सूर्याचं चित्र असतं. मला त्या निरोपाची भीती वाटते. कारण तो वाचून आठवीतलं पोरगं ठरवतं, की शाळेत काही ठेवलेलं नाही. आणि त्याच्या बापालाही ते सोयीचं वाटतं.

गोष्टीतला दुसरा भाऊ त्या निरोपात नसतो.

धाकटे संजय काटकर शिकत राहिले. मोठा भाऊ दुकान चालवत होता आणि धाकट्याने संगणकच शिकावा असा त्याचाच आग्रह होता. संजय यांनी पुणे विद्यापीठातून संगणकशास्त्रात पदवी आणि मग पदव्युत्तर शिक्षण घेतलं. म्हणजे स्वतः दहावीला थांबलेल्या माणसाने त्याच घरातलं शिक्षण मात्र थांबू दिलं नाही. माझ्या मते ही कंपनी खरी तिथे सुरू झाली.

पुढचं थोडं तांत्रिक आहे. विज्ञानाच्या सरांसमोर बोलतेय, चुकले तर कान धरायला ते समोरच बसले आहेत.

नव्वदच्या सुरुवातीला दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये एक नवाच आजार दिसू लागला. सुटे भाग ठीक, तारा ठीक, तरी यंत्र वेड्यासारखं वागतं. तो व्हायरस होता आणि तो फ्लॉपीतून पसरायचा. त्या काळी संगणक सुरू झाला की डिस्कचा अगदी पहिला तुकडा आधी वाचायचा. पुढे काय करायचं याच्या सूचना तिथे असत. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस नेमका त्या जागी जाऊन बसायचा आणि तिथला मूळ मजकूर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. मालकाला मागच्या खोलीत बसवून भलताच माणूस ओसरीवर बसावा, तसं. आणि ६ मार्च ही तारीख आली की तो डिस्कवरची माहिती नासवायला घ्यायचा. १९९२ च्या मार्चमध्ये जगभर त्याची धास्ती होती.

यावर सोपा उपाय एकच होता, डिस्क कोरी करून टाका. गिऱ्हाईकाची माहिती गेली तर गेली. पण दुरुस्तीवाल्याला असं चालत नाही. घड्याळ नीट करायला दिलं आणि त्याने काटेच काढून परत दिले, तर आपण पैसे देऊ का? संजय यांनी एकेका व्हायरससाठी छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. व्हायरस ओळखायचा, त्याने काय कुठे हलवलं ते शोधायचं आणि यंत्र पूर्ववत करायचं. दुकानात हे प्रोग्रॅम उपयोगी पडू लागले, तेव्हा कैलास यांनी ओळखलं की हे विकता येईल. १९९५ च्या सुमारास ते डॉसवर चालणारं उत्पादन म्हणून बाजारात आलं. नावातच दुरुस्ती आहे, लवकर बरं करणारं.

इथे तुम्हाला एक जोडगोळी सांगते. वैयक्तिक संगणकांवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ चा, नाव ‘ब्रेन’. तोही दोन भावांनीच लिहिला होता, लाहोरमध्ये संगणकाचं दुकान चालवणाऱ्या. त्यांनी आत स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! आपलं सॉफ्टवेअर कुणी चोरून नकलू नये म्हणून ते केलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. लाहोरचे दोन दुकानदार भाऊ आणि पुण्याचे दोन दुकानदार भाऊ. कसब दोन्हीकडे होतं. ते कुठे लावायचं, एवढाच प्रश्न होता.

माझ्या पिढीने या व्हायरसांचा प्रताप डोळ्यांनी पाहिला. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक देशांत संगणक बंद पाडले. लोक त्याला चेर्नोबिल म्हणायचे, कारण तारीख तीच होती. काही यंत्रांत तर तो मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सूचनाच पुसायचा, म्हणजे चालू करायचं बटण दाबलं तरी काही उजेड नाही. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होते. आम्हा मुलींना आधी फ्लॉपी तपासायला शिकवलं आणि मग प्रोग्रॅम लिहायला.

काटकरांचा रस्ता मात्र सरळ नव्हता. चांगलं उत्पादन असूनही ते पुण्याबाहेर खपेना. दोन हजार सालानंतर एक वेळ अशी आली, की कंपनी बंद करावी का, असा विचार झाला. मग त्यांनी विक्रीची बाजू जाणत्या माणसाच्या हाती दिली आणि पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला उघडली. परदेशी कंपन्यांचं सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. अडलं तर विचारायचं कुणाला? काटकरांनी गावोगावच्या संगणक दुरुस्तीवाल्यांना आपला विक्रेता केलं. कारण ते स्वतः त्या स्टुलावर बसलेले होते. गिऱ्हाईक जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, आपलं यंत्र उघडणाऱ्या माणसावर ठेवतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

२००७ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ हे नाव बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झालं. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक संस्थेने ६० कोटी रुपये गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ३२१ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी बराच खाली बंद झाला, हेही सांगते, कारण सकाळच्या निरोपांमध्ये तेही नसतं. कंपनी मात्र चालत राहिली.

मी हे सगळं आज का सांगते आहे?

भद्रा मारुतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या दादाचं मोटारी भरायचं दुकान तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून ती त्याच्याकडे येते. जळकी तांब्याची तार काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच नवे वेढे भरायचे. एक वेढा चुकला तर मोटार तापते. दादा दहावीला आपल्या शाळेतून चांगल्या मार्कांनी पास झाला. त्या वर्षी वडील आजारी पडले आणि तो दुकानात बसला. दोन वर्षांनी मी पास झाले, आणि औरंगाबादला शिकायला गेले. दौलताबादचा घाट उतरणाऱ्या एसटीत मी बसले तेव्हा माझ्या पिशवीतले पैसे त्या वेढ्यांचे होते. घरात दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. एकाने थांबायचं होतं, तो थांबला. कुणी त्याला विचारलंही नाही आणि त्यानेही कधी काढून दाखवलं नाही.

आज या मांडवात माझ्या दादासारखे बरेच जण आहेत. आपल्या वर्गातल्या हुशार मुली आहेत, ज्यांची दहावीनंतर लग्नं झाली आणि ज्यांच्या भावांच्या नावापुढे आज पदव्या आहेत. स्मरणिकेत ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’ असं एक पान असतं. त्या पानावर माझं नाव घातलं आहे, मी आभारी आहे. पण गणित पूर्ण मांडायचं तर बेरजेतली दुसरी संख्याही लिहावी लागते, हे याच शाळेत शिकले.

काटकरांच्या गोष्टीत दुकानातला भाऊ कंपनीचा प्रमुख झाला, कारण दोघांचं काम एकाच टेबलावर आलं. आपल्या घरांमध्ये तसं झालं नाही. आम्ही शिकलो आणि पुण्या-बंगळूरला गेलो. हातात कसब असलेला भाऊ इथे राहिला. एकाचं डोकं तिकडे, एकाचा हात इकडे, आणि मध्ये दिवाळीला चार दिवस.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. आपण शाळेसाठी निधी गोळा करतो आहोत, मोठा डिजिटल फळा घ्यायचं ठरतंय. जरूर घ्या. पण त्यातला ठरावीक वाटा दरवर्षी अशा मुलामुलींसाठी बाजूला ठेवा, ज्यांना दहावीनंतर घरासाठी थांबावं लागतंय. आयटीआय, पॉलिटेक्निक, बाहेरून बारावी, जे जमेल त्याची फी आणि एसटीचा पास. रक्कम मोठी लागत नाही. माझ्या वेळीही ती मोठी नव्हती, फक्त घरात नव्हती.

दुसरी मागणी अशी. शाळेत बंद पडलेले जुने संगणक आहेत, ते भंगारात घालू नका. महिन्यातून एका शनिवारी नववीच्या मुलामुलींना ते उघडू द्या. मी येईन, आणि आपल्या बॅचमधले जे वायरमन, मोबाइल दुरुस्तीवाले, मेकॅनिक आहेत त्यांनी माझ्याबरोबर यावं, शिक्षक म्हणून. मला प्रोग्रॅम लिहिता येतो, पण सोल्डरिंग तुमच्याइतकं स्वच्छ येत नाही. दादाला मी विचारलं. तो म्हणाला, ‘शनिवारी मारुतीची गर्दी असते, गिऱ्हाईक असतं.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘बघू, दुपारी येतो.’

आपल्या गुरुजनांनी वर्गात पुढच्या आणि मागच्या बाकाला एकच धडा शिकवला. निकालानंतर वाटा वेगळ्या झाल्या त्या घरच्या परिस्थितीमुळे, अकलेमुळे नव्हे. निदान पुढच्या बॅचच्या बाबतीत तेवढं आपल्या हातात आहे. पहिल्या वर्षाची माझी रक्कम मी आजच बाईंकडे देऊन ठेवली आहे. वही मांडवाच्या दाराशी आहे, जेवायला जाताना नाव लिहून जा.